पान एकशे बारा

"पुढची वाचा," संपादकबाई म्हणाल्या.

चिठ्ठी माझ्या हातात होती. अक्षर माझ्या बायकोचं. शब्दकोशाच्या या कचेरीत ती बावीस वर्षं पुस्तकांतून वाक्यं वेचून चिठ्ठ्या लिहायची. मी त्या मोठ्यानं वाचायचो आणि समोरचा माणूस छापील मजकूर ताडून बघायचा. या आवाजापायी मला सगळे भोंगा म्हणतात. तिला जाऊन चार महिने झाले.

आजचा शब्द होता 'भूत'. पहिल्या अर्थाची, म्हणजे मेल्यावर मागे राहिलेल्या माणसाची, चार वाक्यं वाचून झाली होती. हे पाचवं.

"भोंगा बसला की काय आज?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

मी वाचलं. "भूत असतं, तर येऊन आधी पंखा बंद केला असता."

बाई हसल्या. "झकास आहे. कुठलं?"

चिठ्ठीवर एका जुन्या कादंबरीचं नाव होतं, पान एकशे बारा. पण वाक्य माझं होतं. माझे वडील जन्मभर घरातले पंखे बंद करत हिंडले. ते गेले त्या आठवड्यात ही स्वयंपाकघरात एकटी जायला घाबरायची, म्हणून मी तसं म्हणालो होतो. ओट्याला धरून हसली होती.

"पुस्तक काढा. पान बघून घेऊ."

छापण्याआधी बघायचंच, असा नियम आहे. मी कपाटाशी गेलो. एकशे बारावर कुणाचं तरी लग्न ठरत होतं. भूत नव्हतं.

बाई माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. 'आहे' म्हटलं असतं तर विषय मिटला असता. 'नाही' म्हटलं, तर तिच्या अकरा हजार चिठ्ठ्या संशयात. मागे एका गृहस्थांची एक चिठ्ठी खोटी निघाली, तेव्हा त्यांच्या सगळ्या रद्दीत गेल्या होत्या. असंच पाहिजे, असं तेव्हा हीच म्हणाली होती.

"सापडलं का हो?"

मी पुस्तक मिटलं.

"नाही, बाई. हे पुस्तकातलं नाही. आमच्या घरातलं आहे."

बाई वळल्या. चिठ्ठी माझ्या हातून घेतली. मग तिच्यावर तांबडी रेघ मारली.

"बाकीच्यांचं काय करावं लागतं, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"रद्दीत नको. एकेक पुस्तकाशी ताडून बघतो. मीच."

"अहो, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुमच्या."

"नाही पुरली तर नंतरही येईन."

बाईंनी कपाटाची किल्ली माझ्यापुढे सरकवली. "'अ'पासून घ्या," एवढंच म्हणाल्या, आणि चहाला उठून गेल्या.

मी पहिला खण टेबलावर आणला. सुतळी सोडली. तिचं तरुणपणचं अक्षर, जरा उजवीकडे कललेलं. समोर ताडायला कुणी नव्हतं, तरी मी मोठ्यानं वाचायला लागलो. तिसऱ्या चिठ्ठीला गठ्ठा फडफडला, दोन-चार चिठ्ठ्या खाली उडाल्या.

मी उठलो आणि पंखा बंद केला.