खिडकीतला लाल थर्मास

"एका दोराला बांधलेली माणसं म्हणजे सख्खी भावंडं," असं म्हणत ऊर्सने भांड्यातला सॉसेजचा शेवटचा तुकडा आपल्या ताटलीत ओढला. तुकडा मेल्खिओरच्या वाटणीचा होता. मेल्खिओरने सूपमध्ये पाव बुडवला.

तिसरा रेटो. तिघं एकाच गावचे, एकाच गिर्यारोहण क्लबातले. उद्या हिमनदी ओलांडून शिखर गाठायचं होतं. मेल्खिओर या शिखराच्या वाटेवरून दोनदा माघारी फिरला होता, एकदा वादळामुळे आणि एकदा ऊर्सच्या पोटामुळे. शरद ऋतूत मेल्खिओरचा गुडघा बदलायचा होता. त्यानंतर डोंगर खालूनच बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"म्हाताऱ्या, आज तुझा गुडघा कॉफीच्या गिरणीसारखा वाजत होता," ऊर्स म्हणाला.

"वाजतोय म्हणजे चालतोय."

"अरे, गाईसुद्धा पुढे गेल्या तुझ्या!"

"त्यांच्या पाठीवर दोर नव्हता."

हे खरं होतं. सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याने दोर वाहायचा, अशी क्लबाची पद्धत होती. म्हणजे त्याला सोडून कुणी पुढे जाऊ शकत नाही. पद्धत मायेपोटी पडली होती. आता तिच्यातलं वजन तेवढं उरलं होतं.

गिर्यारोहकांच्या मुक्कामाची ही डोंगरावरची हट सांभाळणारी थेरेस ताटल्या उचलायला आली. कपडे वाळत घालायची तार वाऱ्याने तुटली होती आणि धुतलेल्या पांघरुणांचा ढीग तसाच ओला पडला होता.

"एवढे गडी येतात, पण दोन खांबांना काही बांधून देईल असा एक नाही," ती म्हणाली.

"उद्या शिखरावरून आलो की बघतो, बाई," ऊर्स म्हणाला. बायकोला गटार साफ करून देण्याचं वचन तो याच आवाजात देत असे.

जेवणानंतर ज्याला पहाटे निघायचंय त्याने आपला थर्मास खिडकीत ठेवायचा. थेरेस त्यात चहा भरायची आणि थर्मासांच्या मालकांनाच हलवून उठवायची. ज्याचा थर्मास नाही, तो हवापालटाला आलाय असं धरायची. मेल्खिओरने आपला पोचे पडलेला लाल थर्मास सगळ्यांत आधी ठेवला, टोपण पुन्हा आवळून पाहिलं आणि झोपायला गेला.

"याच्याबरोबर आपण खिंडीतूनच परत येणार," ऊर्स हळू आवाजात म्हणाला.

"मग सांग त्याला."

"मी? त्याच्या पोरीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता म्हणून उभा होतो. तू सांग."

सांगितलं कुणीच नाही. ऊर्सने लाल थर्मास उचलून बाकाखाली, चपलांच्या मागे सरकवला.

"त्याच्याच भल्यासाठी," तो म्हणाला.

"अर्थात," रेटो म्हणाला आणि खिडकीतले बाकीचे थर्मास जवळजवळ सरकवून मधली फट बुजवली.

मेल्खिओर जागा झाला तेव्हा ऊन पायांपर्यंत आलं होतं. शेजारच्या दोन्ही पांघरुणांच्या घड्या क्लबाच्या शिस्तीत घातलेल्या होत्या.

"तुमचा थर्मास नव्हता हो," थेरेस म्हणाली. "मला वाटलं, गुडघ्याने नाही म्हटलं."

चपला शोधताना त्याचा पाय थर्मासला लागला. तो उचलून त्याने बाहीने पुसला, टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसून राहिला. मग कॉफी मागितली.

खिडकीतून हिमनदीची कड दिसत होती. तिथे दोन ठिपके थांबले होते. एक ठिपका दुसऱ्यापुढे हात नाचवत होता.

"तिथे का थांबलेत ते?" थेरेसने विचारलं.

"तिथून पुढे भेगा आहेत. तिथे दोर बांधतात."

थेरेसने कोपऱ्यातल्या मेल्खिओरच्या पिशवीकडे पाहिलं. दोराचं वेटोळं कालपासून तिच्यातच होतं.

ठिपके माघारी वळले. चांगलेच घाईत होते. मेल्खिओरने कॉफी सावकाश संपवली आणि पिशवी उचलून तो बाहेर गेला.

ऊर्स धापा टाकत पोचला. रेटो मागे गुडघ्यांवर हात टेकून उभा होता.

"मेल्खी... दोर..."

मेल्खिओरच्या तोंडात कपड्यांचे चिमटे होते. त्याने हनुवटीने दाखवलं. झेंड्याच्या खांबापासून संडासाच्या भिंतीपर्यंत दोर ताणून बांधला होता. गाठ नमुनेदार होती. दोरावर करड्या पांघरुणांची रांग निथळत होती.

"बर्फ अजून थोडा वेळ कडक राहील, मऊ पडला की भेगांवरून जाता येणार नाही," ऊर्स म्हणाला. "काढ तो दोर."

मेल्खिओरने चिमटे तोंडातून काढले.

"थेरेसबाईंना विचार."

थेरेस दारातच उभी होती.

"हात तर लावून बघा," ती म्हणाली.

पांघरुणं लोकरीची होती. संध्याकाळपर्यंत ती वाळली नाहीत.