मी इटलीचा कोट, मुक्काम बेनिन शहर

घाम पुसा, जरा टेका आणि मग ऐका. मी कोट बोलतोय. जाड लोकरीचा, उभ्या कॉलरचा, गुडघ्यापर्यंत येणारा अस्सल हिवाळी कोट. राहायला नायजेरियातल्या बेनिन शहरात, जिथं लोकांना अंगावरचा बनियनसुद्धा जड होतो. इथं माझा काय उपयोग, असं तुम्ही विचाराल. नायजेरियन सिनेमे पाहत असाल तर विचारणार नाही. नायक परदेशात पोचला हे प्रेक्षकांना कळावं कसं? त्याच्या अंगात मला घालतात. झालं, पोचला.

माझा जन्म मात्र खरोखरच इटलीतला, तुरिनजवळच्या एका कारखान्यातला. पहिले मालक एक म्हातारे वकील होते. ते मला फक्त अंत्यविधींना घालायचे. स्वतःच्या अंत्यविधीला मात्र त्यांनी मला नेलं नाही, आणि सुनेनं मला जुन्या बाजारात नेऊन टाकलं. तिथं ओमोरुयीनं मला उचललं.

ओमोरुयी बेनिनचा. उंच, किडकिडीत, बोलायला मृदू. तो इटलीत काय करायचा ते मी सांगतो, कारण मी रोज त्याच्या अंगावर होतो. सुपरमार्केटच्या दारात उभा राहायचा. लोकांचं सामान गाडीत ठेवून झालं, की रिकामी ट्रॉली जागेवर नेऊन लावायचा. ट्रॉली सोडवायला तिच्या कुलपात घातलेलं नाणं ती परत लावली की सुटायचं, ते कुणी त्याला ठेवू द्यायचं, कुणी नाही. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो नमस्कार घालायचा. अशी कितीतरी वर्षं गेली.

रविवारी मात्र आमची चैन असायची. आफ्रिकी सामानाच्या दुकानामागं एक खोली होती, तिथं त्याच्यासारखेच चारपाच जण जमायचे आणि गावाकडचे सिनेमे बघायचे. त्यात हमखास एक सिनेमा इटलीवरचा, बेनिनमध्येच काढलेला. नायक विमानातून उतरतो आणि पुढच्याच दृश्यात संगमरवरी बंगल्यात पोहण्याच्या तलावाकाठी बसलेला.

"अरे, हा आला कधी आणि श्रीमंत झाला कधी?" एक जण विचारायचा.

"मध्ये जाहिरात लागली होती ना, तेवढ्यात झाला."

हसून हसून पोट दुखायचं त्यांचं. पण एकही जण उठायचा नाही. पडद्यावरची आई त्यांच्याच आईसारखी करवादायची, वाटीतला एगुसीच्या बियांचा रस्सा बघून यांच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि कुणीतरी गुपचूप डोळे पुसायचं. घानाचे, कॅमेरूनचे लोकही यायचे. पेरू देशातली एक बाई यायची. तिला भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सिनेमातल्या सासूला ती मनापासून शिव्या घालायची. ज्या सिनेमावर ते एवढे हसायचे, त्याच्यावाचून त्यांचा आठवडा जात नव्हता. माझाही जात नव्हता.

आणि मग घरून फोन यायचा.

"ओमोरुयी, कालच्या सिनेमात बंगला दाखवला, तेवढं आहे का रे तुझं घर?"

"जरा लहान आहे, आई."

त्या 'जरा'मध्ये पाच माणसांची एक खोली, सहावा जमिनीवर आणि मी खिळ्यावर, एवढे सगळे राहत होतो.

पुढं कागदपत्रांचं काही जमलं नाही आणि त्याला परत पाठवलं. बेनिनच्या घराच्या फाटकात आम्ही उभे राहिलो तेव्हा सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या आणि मिठी मारता मारता त्याच्या पाठीमागं बघितलं, बॅगा कुठं आहेत म्हणून. बॅगा नव्हत्या. त्याच्या हातावर मी होतो, तेवढाच.

लाज झाकायला त्यालाही दोनचार थापा मारता आल्या असत्या. इथं सगळेच मारतात. पण घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या त्याला कळलं, की धाकटी बहीण एसोहे जायला निघालीय. तिचं केस विंचरायचं, वेण्या घालायचं छोटं सलून होतं. चांगलं चाललं होतं. ते विकून ती एका एजंटबरोबर इटलीला जाणार होती. तिकडं सलूनमध्ये काम आहे, असं एजंटनं सांगितलं होतं.

ते सलून कुठं असतं, हे ओमोरुयीला ठाऊक होतं. मलाही. तुरिनबाहेरच्या हमरस्त्यावर, दिव्याच्या खांबाखाली, बेनिनच्या पोरी ऐन थंडीत उघड्या दंडांनी उभ्या असायच्या. त्यातल्या बऱ्याच जणी अशाच सलूनमध्ये कामाला म्हणून आलेल्या होत्या.

म्हणून त्यानं सगळ्यांना बसवलं आणि खरं ते सांगितलं. ट्रॉली, खोली, रस्ता, पोरी, सगळं. बोलून झाल्यावर आईनं कपाळाला हात लावला.

"माझ्या पोरावर कुणीतरी करणी केलीय," ती म्हणाली.

"आई, करणी नाही. तिकडं असंच असतं."

"असंच असतं तर सिनेमात दाखवलं नसतं? परवाच बघितला मी. तो पोरगा अस्साच रिकाम्या हातानं परत आला. त्याच्या आत्यानं केलं होतं. पास्टरनी प्रार्थना केली, तेव्हा मोकळा झाला."

झालं. ओमोरुयीची एक गरीब आत्या खेड्यावरून भाच्याला बघायला याम नावाचे कंद घेऊन आली होती. तिचे याम ठेवून घेतले आणि तिला पुढच्या गाडीनं परत पाठवलं.

गल्लीतल्या चर्चचे पास्टर आले. त्यांनीही तो सिनेमा पाहिलेला असावा, कारण सगळं त्याच क्रमानं झालं. त्यांनी ओमोरुयीच्या डोक्यावर हात ठेवला, गदागदा हलवलं, त्याच्या रिकाम्या हातांचा वास घेतला आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"ह्यात आहे!" पास्टर ओरडले. "शाप ह्या कोटात आहे! जाळा!"

मी आयुष्यात बरेच अपमान सोसलेत, पण दारिद्र्याचं मूळ म्हणून माझं नाव प्रथमच घेतलं जात होतं. घासलेटचा डबासुद्धा आला. तेवढ्यात गर्दीतून एरहाबोर पुढं घुसला. हा शेजारच्या गल्लीत राहणारा सिनेमाचा डायरेक्टर. पोट सुटलेला, गळ्यात शिट्टी, आणि ज्याला त्याला 'कट' म्हणून गप्प करायची सवय.

"कट! कट! पास्टर, थांबा. खरा इटलीचा कोट आहे हा. शाप मला द्या."

"बंधू, विचार कर. तुझं वाटोळं होईल."

"माझ्या गोदामात चेटकिणींचे झगे आहेत, जलपरीचे केस आहेत, दोन शवपेट्या आहेत. त्यांच्या शेजारी टांगतो. आपसात बघून घेतील."

असा मी सिनेमात आलो.

एरहाबोर कधी इटलीला गेलेला नव्हता आणि त्याची त्याला गरजही वाटत नव्हती. मासळीबाजाराच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कॅमेरा लावायचा, नटाला माझ्यात कोंबायचं, तोंडातून वाफ आली की झालं इटली. मागं बांगड्यांची खोकी दिसू नयेत म्हणून त्यांवर पांढरी चादर टाकायचे. तोच बर्फ. लाईट गेली की बर्फाला पाणी सुटायचं आणि सगळे "जनरेटर! जनरेटर!" म्हणून धावायचे. नायिका माझ्या छातीवर डोकं ठेवून 'तुझ्याशिवाय मी कशी जगू' म्हणायची, ती श्वास रोखून. बांगड्याचा वास लोकरीतून लवकर जात नाही.

ओमोरुयीला एरहाबोरनं परदेशातले बारकावे सांगायला ठेवून घेतलं होतं. त्यानं पहिल्याच दिवशी तोंड उघडलं.

"ओगा," तो म्हणाला. इथं साहेबाला ओगा म्हणतात. "माणूस पोचल्या पोचल्या त्याला मोटार मिळत नाही हो."

"मग कधी मिळते?"

"मिळतच नाही."

"मग सिनेमा संपायचा कधी? हे बघ पोरा, लंडन, जमैका, जोहान्सबर्ग, सगळीकडं आपला सिनेमा बघतात. ते काय ट्रॉली बघायला बघतात?"

"ट्रॉली ढकलणारेच बघतात, ओगा."

"ती त्यांना रोज दिसतेय. बंगला कुठं दिसतोय? बंगला आपण दाखवायचा."

मलाही क्षणभर ते पटलं, खोटं कशाला बोलू.

पण ओमोरुयी चिवट होता. एसोहे त्याचं ऐकत नव्हती, पण सिनेमातलं मात्र तिला सगळं खरं वाटायचं. मग आपलं खरं सिनेमातूनच सांगायचं, असं त्यानं मनाशी घेतलं आणि एका दृश्यासाठी तो डायरेक्टरच्या रोज पाया पडू लागला. शेवटी एके दिवशी नायक आलाच नाही. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एका सिनेमात मरत होता आणि ते मरण लांबलं होतं. सगळे लोक बसून. एरहाबोर वैतागून म्हणाला, "जा, कर तुझी ती ट्रॉली."

एका दुकानाच्या दारात, भर उन्हात, ओमोरुयीनं मला अंगात घातलं. किती दिवसांनी! तो तिथं तुरिनला उभा राहायचा तसाच उभा राहिला. खांदे आत ओढून, कमीत कमी जागा व्यापून. पैशासाठी नव्हे, ट्रॉलीसाठी हात पुढं केला. एक बाई त्याच्याकडं न बघता निघून गेली. तिच्या पाठीकडं बघून तो मान झुकवून म्हणाला, "दिवस चांगला जावो, बाईसाहेब." त्याच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या, पण मला शपथेवर विचाराल तर तो आत थंडीनं कुडकुडत होता. मला फार वाईट वाटलं.

आणि सगळं युनिट हसत सुटलं. लाईटवाला गुडघ्यावर बसला. एरहाबोरच्या तोंडातून हसता हसता शिट्टी वाजली.

"सोनं आहे हा माणूस! असा विनोदी नट मी उभ्या आयुष्यात बघितला नाही!"

सिनेमा लागला तेव्हा गल्लीतल्या लोकांनी एरहाबोरच्या अंगणात बसून तो बघितला. एसोहे पुढच्या रांगेत होती. ओमोरुयीनं पडद्याकडं एकदाही बघितलं नाही. तो तिच्याकडंच बघत होता. ट्रॉलीचं दृश्य आलं आणि एसोहेनं शेजारणीच्या खांद्यावर थापा मारमारून हसायला सुरुवात केली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते हसण्याचं.

तेवढा तुकडा जगभर फिरला. लंडनमध्ये लोकांनी नकला केल्या, जमैकात त्यावर गाणं निघालं, लागोसच्या लग्नांत नवऱ्याचे मित्र एकमेकांना मान झुकवून 'दिवस चांगला जावो, बाईसाहेब' म्हणू लागले. तुरिनच्या त्या खोलीतून ओमोरुयीला एक निरोप आला. जुन्या मित्रानं तो फोनवर बोलून पाठवला होता.

"भावा, आम्ही बघितलं. बघून कुणी काही बोललं नाही. आता आपलीच माणसं सुटीत फिरायला येतात, आमच्याबरोबर ट्रॉलीपाशी फोटो काढतात, आणि नाणं काढून घेऊन जातात. तुला मोठा झालेला बघून बरं वाटलं."

ओमोरुयीनं तो निरोप परत परत ऐकला.

एसोहे गोदामात आली तेव्हा तो मला ब्रश मारत होता.

"एसोहे, खरं सांग. ते दृश्य बघून तुला काय वाटलं?"

"काय वाटायचंय दादा, कमाल केलीस! त्या बाईच्या पाठीशी बोललास तेव्हा मी खुर्चीवरून पडायचीच बाकी होते."

"ते मी रचलेलं नाही. मी तिथं तसाच उभा राहायचो."

"म्हणून तर म्हणते. एवढा मोठा नट, आणि इतकी वर्षं तिकडं उगाच वाया गेलास. सगळ्यांना काही तुझ्यासारखी तिकडं जाऊन सोंगं आणायची नसतात. मला काम करायचंय."

"सलूनचं काय केलंस?"

"विकलं. आज सकाळीच खुर्च्या नेल्या त्यांनी." मग माझ्या बाहीवरून हात फिरवत म्हणाली, "दादा, एक मागू? हा कोट मला देशील? तिकडं फार थंडी असते, म्हणाला होतास ना?"

मी आता एरहाबोरच्या मालकीचा होतो. तो दारातूनच ओरडला, "कट! कोट गेला तर भाग दोन मी कसा काढू? हिरो इटलीत आहे हे कळणार कसं?"

"ओगा," ओमोरुयी शांतपणे म्हणाला, "कोट तिला मिळाला तरच मी भाग दोनमध्ये आहे."

एरहाबोरनं डोकं खाजवलं. छताकडं बघितलं. मग त्याचा चेहरा उजळला. "ठीक आहे. भाग दोनमध्ये इटलीत उन्हाळा."

ओमोरुयीनं मला तिच्या अंगात घातलं. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि पत्र्याच्या गोदामात तो बहिणीचं एकेक बटण लावत होता. "वरचं बटण सैल आहे, कॉलर हातानं धरत जा. वारा गळ्यातून शिरतो. हात खिशात ठेव, बाहेर ठेवू नकोस. कुणी कोट काढ म्हणालं, कितीही गोड बोलून म्हणालं, तरी काढू नकोस. आणि तिथून पळून जावंसं वाटलं तर त्या दुकानामागच्या खोलीत जा, माझं नाव सांग." एसोहे घामाघूम होऊन हसत होती, "पुरे रे दादा, आत्ताच शिजले मी." बिचाऱ्यानं तिला काय काय सांगितलं होतं, घरात सांगितलं, पडद्यावर सांगितलं. त्या सगळ्यातलं तिला एकच खरं वाटलं होतं, थंडी.

आता मी तिच्या पिशवीत घडी होऊन पडलोय. माझ्यावर आईनं दिलेला गारी, म्हणजे कंदाचा रवा, आणि सुक्या माशांच्या पुड्या आहेत. बाहेर एजंटची गाडी उभी आहे, पास्टर प्रवासासाठी प्रार्थना करतायत, आणि ओमोरुयी पिशवीचा बंद धरून उभा आहे, सोडत नाहीये.

माझी एवढीच विनंती. आजवर मी पुष्कळांना ऊब दिली, बहुतेकांना नको असताना. या पोरीला ती खरोखर लागणार आहे. कधी त्या थंड मुलखात गेलात, आणि कुठल्या दारात किंवा कुठल्या रस्त्याच्या कडेला मी दिसलोच, तर सिनेमातला कोट म्हणून माझ्याकडं बोट दाखवू नका. आत कोण आहे ते बघा. तिचं नाव एसोहे आहे, आणि विचारलंत तर पुढचं ती सांगेल.