वाचनालयातल्या बेचाळीस मशाली

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आचलचा फोन आला. "आबाजी, आज अजून दोन गेले. आता चारच राह्यले."

आचल माझी नात. सहावीत शिकते, अकोल्याला राहते. मी अमरावतीला. गेलेले दोघे म्हणजे खरी माणसं नव्हेत, मोबाईलमधल्या ठोकळ्यांच्या खेळातली. चौकोनी डोकी आणि वांग्याएवढी नाकं. तरी मी अर्धं जेवण टाकून उठलो. सहा महिन्यांपूर्वी कोणी म्हटलं असतं की देवमन, तू खेळातल्या लोकांपायी ताटावरून उठशील, तर त्याला मी दारात उभं केलं नसतं.

खेळाच्या नादी लागलो ते आचलमुळे. जून महिन्यात तिच्या आईची, म्हणजे माझ्या प्रियदर्शनीची बदली अकोल्याच्या दवाखान्यात झाली. नर्स आहे ती. नवं गाव, नवी शाळा, आणि आमची बडबडी पोर एकदम गप्प झाली. फोन केला की "हो", "नाही", "जेवली", संपलं. मग दिवाळीत आली तेव्हा तिनेच हा खेळ माझ्या मोबाईलवर टाकून दिला. तेव्हापासून रोज सात ते आठ ती फोनवर माझ्याशी बोलते आणि आम्ही खेळात दगड रचतो. दगड रचता रचता ती शाळेतलं सांगते, बाईंचं सांगते, आईचं सांगते. तो एक तास माझ्याकडून कोणी हिसकावून घेतला तर मी काय करेन, मला माहीत नाही.

आमच्या त्या दुनियेत तिसरी एक होती, प्रणाली. आचलच्या वर्गातली, त्याच गल्लीतली. अकोल्यात आचलला मिळालेली एवढीच मैत्रीण. आम्हा तिघांनाही केव्हाही आत जाता येई. आत कोणी नसलं की ती दुनिया जागच्या जागी थांबून राहते, असं आचलने मला समजावलं होतं. कशी थांबते ते मला अजून कळलेलं नाही.

त्या दुनियेत आचलने वाचनालय बांधलं. दगडी, भलंमोठं, एकही खिडकी नाही. आत नऊ ग्रंथपाल ठेवले. त्यांना गहू दिला की ते पुस्तकं देतात. आत उजेडाला बेचाळीस मशाली, आणि मशालींचं खातं माझ्याकडे. ते माझ्याकडेच यायला पाहिजे होतं. अमरावतीजवळच्या तिवशात नोकरीची तीस वर्षं मी गल्लीबोळातले दिवे सांभाळले. संध्याकाळी सहाला चालू, सकाळी सहाला बंद. तीस वर्षांत दिवसाउजेडी पोलवर दिवा जळताना दाखवा, मिशी उतरवून देतो.

पण आता वाचनालयात राक्षस शिरत होते. हिरवट, हात पुढे करून चालणारे. मी दुपारी चार वाजता खेळात जायचो, ओढ्यापलीकडच्या शेतात गहू कापायचो, सहाला वाचनालयाकडे यायचो. एखाद्या दिवशी आत पाऊल टाकावं तर अंधारात दोन-तीन दबा धरून. तलवारीने त्यांचा निकाल लावून मी मशाली लावायचो, आणि मोजायचो तर एखादा ग्रंथपाल कमी. दार मात्र बंद. मी स्वतः लावलेलं, जसंच्या तसं. मग हे शिरले कुठून?

मी बाहेरून चारही बाजूंनी दिव्यांचे खांब उभे केले. दर सहा पावलांवर एक, तिवशाच्या मेन रोडवर नव्हते असे. तरीही दोन ग्रंथपाल गेलेच. मग लोखंडी दार बसवलं, भोवती खंदक खणला. त्यात मीच दोनदा पडलो. राक्षस एकही पडला नाही.

"आबाजी, ते बाहेरून येतच नाईत," आचल म्हणाली. "जिथं अंधार असते तिथंच ते तयार होतात."

"तयार होतात म्हंजे? कायपासून?"

"कायपासूनच नाई. अंधार असला की होतात."

आता यावर काय बोलावं? डास डबक्यात होतात, उंदीर बिळातून येतात. नुसत्या अंधारातून काही निघतं का? मी हो म्हटलं. मनातून मात्र पटलं नव्हतं. दिवा माणसाला दिसावं म्हणून असतो, एवढंच मला ठाऊक. आणखी एक चमत्कार होता. हे सगळं फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी घडायचं. इतर दिवशी सहाला जावं तर मशाली आधीच लागलेल्या आणि सगळे ग्रंथपाल खुशाल. मला वाटायचं, आचल शाळेतून लवकर येऊन लावत असेल. पोरीला संध्याकाळपर्यंत दम निघत नाही, एवढंच मी मनात म्हणायचो.

तर त्या मंगळवारी चारच उरले तेव्हा आचल रडकुंडीला आली होती. "मशाली तं साऱ्या जागेवर आहेत, मी मोजल्या. मंग कोणीतरी मुद्दाम दार उघडं टाकून राह्यलं. जो कोणी असंन त्याले मी काढून टाकीन या दुनियेतून. मंग कोणीही असो."

"तू नाई. मीबी काई केलं नाई," मी म्हटलं. "राह्यलं कोण मंग?"

बोलून गेलो. राग आला की माझ्या जिभेला हाड राहत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण आचल "प्रणाली?" एवढंच म्हणाली, आणि मला कळलं की तीर सुटला. खरं सांगतो, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. चोर सापडल्याचं समाधानच वाटलं.

शनिवारी सकाळी प्रियदर्शनीचा फोन आला. तिचा आवाज ड्युटी करून आल्यावर असतो तसा थकलेला होता.

"बाबा, तुमी आचलले काय सांगतलं? तिनं प्रणालीसंगं बोलणं सोडलं. शाळेत एकटीच डबा खाते. काल तं डबा तसाच वापस आणला. कशीबशी एक मैत्रीण झाली होती इथं."

"मंग प्रणाली काय म्हणते?"

"काईच नाई म्हणत. मी नाई केलं एवढंच म्हणाली, अन् चूप बसली. भांडलीबी नाई."

"तिचं खरं असतं तं भांडली असती," मी म्हटलं. पण फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. एकटीने डबा खाणारी आचल डोळ्यांपुढून हलेना. माझं बोलणं खरं असलं तरी त्याचा असा उपयोग काय? आणि खरं नसलं तर? दुपारच्या एसटीने मी अकोला गाठलं.

आचलने मला पाणी दिलं, पण नेहमीसारखी येऊन चिकटली नाही. खेळाचं नावही काढलं नाही. उरलेले चारही शुक्रवारी गेले होते. वाचनालय रिकामं झालं होतं. मी काही समजूत घालायला गेलो तर म्हणाली, "जाऊ द्या आबाजी. मले नाई खेळाचं आता." पोरीने असं म्हणावं आणि आपल्याला काही करता येऊ नये, याचा मला इतका संताप आला की मी उगाच प्रियदर्शनीवर पंख्याच्या आवाजावरून ओरडलो.

रविवारी सकाळी सहाला नेहमीप्रमाणे जाग आली. आंघोळीआधी चष्मा लावला, मोबाईल घेतला, खेळात गेलो आणि माझा रोजचा फेरा सुरू केला. पहिली ओळ, दुसरी ओळ. मागे आचल कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही.

"आबाजी, हे काय करून राह्यले?"

"दिवे बंद करून राह्यलो. दिवस निघाला ना."

"मशाली काढून राह्यले तुमी?"

"काढून काई फेकत नाई. पेटीत ठेवतो, मोजून. संध्याकाळी पुन्हा लावतो. ग्रंथपाल असो का नसो, दिवसाढवळ्या कशाले जाळाच्या?"

तिने मोबाईलच्या पडद्यावर बोट ठेवलं. "पण तिथं खिडकीच नाई. आत दिवस कायचा? अन् खेळात तं वीस मिन्टात दिवस-रात्र होते."

"त्याच्या मांगं कोण पळते? मी आपलं अमरावतीचं घड्याळ पाह्यतो."

"रोज?"

"रोज. दिवाळीपासून."

ती खाली बसली. मीही बसलो. तिने बोटांवर हिशेब केला, आणि मग माझ्याही डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. सकाळी मी मशाली काढतो आणि बाहेर पडतो, तेव्हा दुनिया थांबते. चार वाजता मी शेतात येतो, दुनिया चालू होते, वाचनालयात काळोख. दार बंद, खंदक खणलेला, बाहेर खांबांची रांग, आणि राक्षस आतल्या आतच होतात. राखण करणाऱ्यानेच त्यांना घर करून दिलं होतं. त्या मंगळवारी मी काही केलं नाही म्हणालो, आणि ते मला खरंच वाटलं होतं. जे माणूस रोज करतो ते आपण काही करतो असं तो धरतच नाही.

"पण मंग सोमवारी, बुधवारी कोण लावत होतं?" मी विचारलं. "तू?"

"मी नाई. मी तं सातलेच येतो आत."

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी प्रणालीचा स्कॉलरशिपचा क्लास असतो, असं आचल अगदी हळू म्हणाली.

प्रणालीचं घर चार घरं सोडून. त्यांची गावाबाहेर फुलांची शेती आहे, अंगणात शेवंतीचा ढीग पडला होता आणि तिची आई गीतांजली हार ओवत होती. प्रणाली तिच्याशेजारी सुई घेऊन बसलेली. बारीकशी पोर, दोन वेण्या. आम्हाला बघून उठली नाही, आणखी खाली वाकून ओवायला लागली. गीतांजलीने मला खाट दिली आणि चहाला आत गेली.

"सकाळी शाळेत जायच्या आंधी तू मशाली लावत होती?" मी विचारलं.

तिने मान हलवली.

"मी काढतो ते तुले ठाऊक होतं?"

"एक खेप पाह्यलं होतं मी. तुमी काढत होते अन् पेटीत ठेवत होते. मंग तुमी गेले की मी लावून टाको."

"मंग सांगतलं काहून नाई?" आचलचा आवाज फुटला. "मी तुले इतकं बोलली."

प्रणालीने सुईतून एक फूल खाली ओढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ज्यानं केलं त्याले काढून टाकीन असं म्हणे आचल. मले काढलं तं काय, शाळेत दिसतोच मी तिले. तुमाले काढलं असतं तं तुमी कुठं दिसले असते?"

बासष्ट वर्षांचा मी, आणि ज्या पोरीला मी न पाहता चोर ठरवलं, तिने माझा तो एक तास सांभाळला होता. शरम वाटली, आणि ती लपवावी असंही वाटलं नाही. मी खाटेवरून उठलो आणि त्या एवढ्याशा पोरीपुढे दोन्ही कान धरून उभा राहिलो.

गीतांजली चहा घेऊन बाहेर आली आणि कप हातात घेऊन तशीच थांबली. प्रणाली घाबरून आईकडे बघायला लागली, तिला काय करावं ते सुचेना. आचल तिच्याजवळ शेवंतीच्या ढिगाशी जाऊन बसली आणि तिच्या हातातली सुई घेतली. "बसा आबाजी," ती म्हणाली, "तिले लाज वाटून राह्यली."