टोपणावरचा लाल ठिपका

बाबांच्या गॅरेजमध्ये एन्सिओने त्यांच्या गाडीच्या डिझेल-पंपाच्या टोपणावर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि मी म्हणाले, "नको."

"दोन मिनिटांचं काम आहे, पोरी. टोपण काढायचं, आतली दांडी बोटाने मागे ढकलून बघायची. हलली की टोपण परत."

"हलेल. बाबांनी बसवलीय."

"चौदा महिन्यांपूर्वी बसवलीय. माझं आजोळचं घड्याळसुद्धा एवढं थांबलं तर आधी तेल मागतं."

टोपणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. पंप जुळवून झाला, की बाबा त्याच्या प्रत्येक स्क्रूवर असा ठिपका लावत. ठिपका फुटलेला दिसला तर पंप ते परत घेत नसत. कोणीतरी आत हात घातला, आता तो त्याचा. बाटली पूर्वी आईची होती. ती गेल्यावर बाबा त्याच रंगाची नवी आणायचे, आणि दुकानातल्या बाईने विचारलं तर "माझ्यासाठी" म्हणायचे. कौहावा गावात त्यावर कोणी हसत नसे. निदान त्यांच्यासमोर नाही.

शेवटच्या शरदात त्यांचे हात कापायला लागले. कंपवात. सेइनायोकीच्या एका गिऱ्हाइकाने पंप परत पाठवला, आणि हमरस्त्यावरच्या पेट्रोल स्टेशनात, कॉफीच्या टेबलाभोवती ठरून गेलं, की काउकोचा, म्हणजे बाबांचा, हात गेला. त्यानंतर बाबांनी एकच काम केलं, ते स्वतःच्या गाडीचं. सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, जे कधी संगणकाच्या तालावर चालायचं. त्यांनी संगणकाची पेटी काढली, वायरींची जुडी बादलीत टाकली आणि जुन्या घडणीचा, नुसत्या स्प्रिंगा आणि वजनांवर चालणारा पंप बसवला. "आता हिला तेल आणि हवा पुरे," असं ते मला फोनवर म्हणाले. इंजिन सुरू करण्याआधीच, गेल्या वर्षीच्या जानेवारीत, ते गेले.

शुक्रवारी बाबांच्या घराच्या किल्ल्या नव्या मालकाला द्यायच्या होत्या. पण मला घाई त्याची नव्हती. हे इंजिन बाबांनी सोडलं तसंच, ठिपका न मोडता चालायला हवं होतं. एन्सिओने एक टोपण जरी उघडलं, तरी टेबलाभोवती हेच म्हणणार की काउकोचं बिघडलेलं एन्सिओने नीट केलं. एन्सिओ बाबांचा तीस वर्षांपासूनचा मित्र. तो हे माझ्याइतकंच जाणत होता, म्हणून त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला.

"काउकोची मुलगी," तो पुटपुटला. "डोकं तेच, फक्त दाढी नाही."

त्याने पंपावरची, इंजिन बंद करायची खिट्टी बोटाने ओढून सोडली. ती मऊपणे परत आली. आवाज झाला नाही. काहीतरी राहिल्यासारखं मला वाटलं, पण काय ते कळेना.

"खिट्टी हलते," तो म्हणाला, "पण तिच्यामागे स्प्रिंग आहे. खिट्टी हलली म्हणजे दांडी हललीच असं नाही. हे मी तुला सांगितलं, हे लक्षात ठेव."

"ठेवलं."

"मग फळी घे."

फळी म्हणजे ताटाएवढा प्लायवूडचा तुकडा, एका बाजूला रबर चिकटवलेलं, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरची मूठ. पहिल्यांदा इंजिन सुरू करताना, इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोच्या तोंडावरची हवेची नळी काढून ठेवतात आणि एक माणूस तिथे फळी घेऊन उभा राहतो. असं इंजिन उधळलं तर किल्ली फिरवून काही होत नाही. ते चालायला वीजच लागत नाही, मग किल्ली तोडणार काय? त्याची हवा तोडावी लागते. एन्सिओच्या डाव्या हाताची दोन बोटं एकेका पेराने आखूड आहेत. तरुणपणी त्याने एकदा फळीऐवजी तळहात वापरला होता.

अकराव्या वर्षापासून बाबांसाठी फळी मी धरत आले. तिचा उपयोग करायची वेळ एकदाही आली नव्हती.

बाहेर मार्चचं ऊन होतं, छपरावरचा बर्फ टपटपत होता. एन्सिओ गाडीत बसला.

"धरलीस?"

"धरली."

"तोंड बंद, डोळे उघडे."

इंजिन तीनदा फिरलं, खोकलं, पांढरा धूर सोडला आणि पेटलं. आवाज चढला. मला माहीत होतं की पहिल्यांदा तो चढतोच. मग पंपातली वजनं उघडतात, दांडी मागे सरकते, तेल कमी होतं आणि तो खाली येतो. मी तो खाली येण्याची वाट पाहत होते. ते दोन सेकंद मी आनंदात होते.

तो खाली आला नाही.

एन्सिओने किल्ली काढली आणि मला दिसेल अशी उंच धरली. इंजिन चढतच होतं. तो धावत आला, त्याने खिट्टी ओढली, पुन्हा ओढली. मागून काळा धूर भिंतीवर आदळत होता, शेल्फवरचे डबे थरथरत पुढे सरकत होते. आवाज आता आवाज राहिला नव्हता, तो दातांत शिरला होता.

"फळी!"

माझे हात हलले नाहीत. मी एकच विचार करत होते: म्हणजे ते खरं होतं. हात गेला होता.

"तेर्ही! फळी!"

मी फळी पुढे नेली. टर्बोने ती माझ्या हातातून हिसकून घेतली, पण तिरकी. एका कडेने हवा किंचाळत आत जात राहिली. इंजिन क्षणभर दबलं आणि पुन्हा उसळलं. मी मूठ दोन्ही हातांनी धरून गुडघ्याने रेटली. रबर सरकलं. कड मिटली. इंजिन आचका देऊन थांबलं.

छपरावरचं पाणी टपटपताना ऐकू आलं.

एन्सिओ पाठ भिंतीला टेकून जमिनीवर बसला.

"बोटं मोज," तो म्हणाला.

"दहा."

"माझ्यापेक्षा श्रीमंत आहेस."

मी त्याच्या शेजारी बसले. "म्हणजे पेट्रोल स्टेशनातले बरोबर होते."

त्याने थर्मासचं झाकण फिरवलं, कॉफी ओतली, मला दिली. मग शेल्फकडे हनुवटी केली. तिथे बाबांचे अकरा पंप ओळीने ठेवलेले होते, सगळ्यांवर लाल ठिपके.

"रोज संध्याकाळी काउको त्या शेल्फपाशी काय करायचा?"

"सौनात वाफ घेऊन आल्यावर. टॉवेल गुंडाळून एकेका खिट्टीला बोटाने टिचकी मारत जायचे. टक, टक, टक. मला लहानपणी वाटायचं, ते पंपांना शुभरात्री म्हणतायत."

"शुभरात्री!" तो हसला आणि त्याला खोकला आला. "पोरी, थंडीत इंजिन पेटायला तेल जास्त लागतं. म्हणून पंप बंद असला की स्प्रिंग दांडीला पार टोकाला ढकलून ठेवते, सगळ्यात जास्त तेलाच्या जागी. पंप तोंड उघडं ठेवूनच झोपतो. आणि काउको डिझेलमध्ये काय मिसळायचा?"

"मोहरीसारखं ते पिवळं. रेपसीडचं तेल."

"ते वाळलं की डिंक होतो. महिनाभर कोणी टिचकी मारली नाही, की एखादी दांडी तिथेच चिकटते. तोंड उघडं ठेवून." त्याने माझ्या हातातला कप परत घेतला. "तो गेल्यावर गॅरेजला कुलूप कोणी लावलं?"

मगाशी काय राहिलं होतं ते मला आता कळलं. त्याने खिट्टी सोडली तेव्हा टक झालं नव्हतं, म्हणजे दांडी हललीच नव्हती.

बाबांचा हात लागलेलं काहीच हलू नये म्हणून मी कुलूप लावलं होतं. चौदा महिने किल्ली माझ्या हेलसिंकीच्या घरात, पुस्तकांच्या कपाटात होती.

"स्क्रूड्रायव्हर दे," मी म्हणाले.

"मी काढतो."

"दे इकडे."

ठिपका तडकला. त्याचा खवल्याएवढा कपचा माझ्या नखाला चिकटला, तो मी पुसला नाही. टोपण सुटलं. आत दांडीचं टोक दिसलं, त्यावर करपलेल्या पाकासारखा तपकिरी थर. एन्सिओने त्यावर स्वच्छ डिझेलचे थेंब सोडले. आम्ही थांबलो. मी ढकललं, काही नाही. आणखी थेंब, आणखी थांबणं. त्याने तेवढ्यात इंजिनाचं ऑइल पाहिलं, टर्बोचा पंखा बोटाने हलवून पाहिला आणि म्हणाला, "बारा सेकंद टिकलंय. बांधणारा मूर्ख नव्हता."

तिसऱ्यांदा ढकलल्यावर दांडी वाळू चावल्यासारखी खरखरत सरकली. दहाव्यांदा गुळगुळीत सरकली. मी खिट्टी ओढून सोडली.

टक.

"आतलं काही पाहायचं नाही?" मी विचारलं. "वजनं, स्प्रिंगा?"

"पाहिलं तर ते माझं होईल. टोपण लाव. फळी घे."

या वेळी मी मूठ आधीच दोन्ही हातांनी धरली. इंजिन लगेच पेटलं. आवाज चढला, चढला, मी फळी टर्बोपासून वीतभर अंतरावर आणली, आणि तो खाली आला. एकदा हेलकावला आणि स्थिर झाला.

एन्सिओने स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक एकेका नोझलवर टेकवलं. सहाही. मग पुन्हा पहिल्यापासून. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"सारखं," तो म्हणाला. "सहाच्या सहा. कापणाऱ्या हाताने हे कसं जुळवलं, मला विचारू नकोस. माझे हात कापत नाहीत आणि मला इतकं जमत नाही."

"पेट्रोल स्टेशनात सांगशील?"

"त्या लोकांना? फुकट? आधी कॉफी पाजू देत." त्याने स्क्रूड्रायव्हर पुसला. "सांगीन. जुळवणीचा एकही स्क्रू फिरवला नाही, धूळ साफ केली, आणि तीही मुलीने, असं सांगीन."

मी इंजिन चालू ठेवलं आणि शेल्फपाशी गेले. पहिल्या पंपाच्या खिट्टीला टिचकी मारली. टक. दुसऱ्याला. टक. तिसऱ्याची खिट्टी मऊपणे परत आली. अकराव्यापर्यंत गेले. सात बोलले, चार नाही.

मी ते चार उचलून बाकावर ठेवले आणि स्क्रूड्रायव्हरसाठी एन्सिओपुढे हात केला.