दोन शिटाचं इमान

उन्हाळ्याची संध्याकाळ होती. ओट्यावर पानी मारून आमी दोघं बसलो होतो, मी अन् गुलाबभाऊ. सकाळीच गुलाबभाऊच्या चहात साखरीच्या जागी मीठ टाकून झालं होतं, म्हून मी खुशीत होतो. तेवढ्यात खामगावावरून इमान गेलं. लय उंचावरून जाते ते, पांढरी रेघ ओढत.

"गुलाबभाऊ, टाटा करा," मी म्हनलं. "तुमचंच इमान हाय. तुमाले सोडून चाललं."

"तोंड बंद ठेव बे, निवृत्ती."

"नागपूरले फरशीवर बसले होते, तसे इथंबी बसता का?"

मागच्या वर्सी त्यायच्या सारिकानं कॅनडाहून तिकीट पाठवलं होतं. कलाबाई वारल्यावर गुलाबभाऊ एकलेच होते, पोरगी एकच, तिचं पोट्टंबी आता चालाले लागलं होतं. मी सोडाले गेलो नागपूरले, इमानतळावर. काचेतून उभी असलेली इमानं दिसली अन् हा मानूस बॅगीजवळ फरशीवर बसला. "घरी चाल," म्हने. अमरावतीपर्यंत मी हासत आलो. तिथून पुढं मले दिसलं का हा खिडकीकडं तोंड करून बसला हाय, मंग मी चूप झालो.

"त्या दिवशी माह्यं पोट बिघडलं होतं," गुलाबभाऊ म्हनले. "नाई त इमानात बसाले काय लागते? शीट असते. बसाचं."

"तुमच्यानं होत नाई."

"होते."

"उडल्यापासून उतरेपर्यंत? न उठता?"

"लाव शर्यत! आन इथं इमान, आता बसतो."

खामगावच्या गल्लीत हा कुठून इमान आनते, असं त्यायले वाटलं. समोरच्या घरात धम्मशीला मॅडम राह्यते, शाळेत कॉम्प्युटर शिकवते. गच्चीवर दोरीवरचे कपडे उचलता उचलता तिनं सगळं ऐकलं.

"हरनाऱ्यानं काय कराचं?" तिनं वरून इचारलं.

"जिंकनारा सांगीन ते. चारचौघात," मी म्हनलं.

"मंग मी पंच," मॅडम म्हनली.

माह्यं दुकान मोटारी भरायचं. जळालेली मोटार आली का तिची तार काढाची, नवीन गुंडाळाची. घरी कोनी नाई. वंदना जाऊन सहा वर्सं झाली, लेकरूबाळ झालं नाई. दुकानातून आलं का कुलूप उघडाचं, टीव्ही लावाचा, अन् गुलाबभाऊले काय त्रास देता येते ते पाहाचं. त्यायच्या कुलपाच्या छिद्रात मेन टाक, त्यायच्या नावानं केटरिंगवाल्याले फोन कर. लोकं म्हनत, वय काय याचं. पन माह्या थट्टेले शिव्या देनारा तेवढा एकच मानूस उरला होता. बाकीचे नुसते हासतात अन् आपल्या घरी जातात.

तर मी इमान कराले घेतलं.

मॅडमनं सांगितलं का कॉम्प्युटरवर इमान उडवाचा खेळ असते, अन् परदेशात हौशी लोक घरीच खुर्ची अशी बनवतात का खेळातलं इमान झुकलं का खुर्चीबी झुकते. तिनं व्हिडिओ दाखवले. मी पाह्यले अन् माह्या डोक्यात लख्ख झालं. त्यात गंमत काय हाय सांगू? इमान सुसाट निघते तेव्हा खुर्ची कुठी जात नाई. नुसती हळूच मांगं झुकते. अन् बसनाऱ्याले वाटते, आपन पयाले लागलो! मानसाच्या कानात काहीतरी असते, ते फसते. मी जिंदगीभर लोकायले फसवलं, पन थेट कानाले फसवाचं हे मले सुचलं नव्हतं.

भंगारवाल्याकडं एस्टीचं शीट भेटलं. मी म्हनलं, एका मानसाचं दे. तो म्हने, एस्टीत एका मानसाचं कंडक्टरचं असते, ते नाई, हे घ्या दोघायचं. घेतलं. शिटाच्या खाली बरोबर मधात ट्रॅक्टरच्या शाफ्टचा जॉइंट बसवला, जो चारी अंगानं वाकते. मांगून दोन मोटारी, ट्रकच्या काचा पुसनाऱ्या वायपरच्या. एक डावीकडून दांडी ओढे, एक उजवीकडून. ट्रकचीच बॅटरी. मॅडमनं एक छोटं कार्ड मागवलं, ते कॉम्प्युटरचं ऐके अन् मोटारीले सांगे. इमान वळवाचा दांडाबी तिनंच मागवला. समोर टीव्ही पाहिजे होता मोठा, तो मी गुलाबभाऊचाच उचलून आनला.

"माह्याच टीव्हीवर माह्यी शर्यत?" ते म्हनले.

"मंग काय, इमान माह्यं, आभाळ तुमचं."

पह्यल्या दिवशी तारा उलट्या जोडल्या गेल्या. इमानानं नाक वर केलं अन् शिटानं मले पुढं आपटलं. ओठ फुटला. मॅडम हासली, मी हासलो, रक्त पुसलं, तारा बदलल्या. पन खरी चूक पुढंच होती. शीट दोघायचं, जॉइंट मधात. मी एकला एका बाजूले बसलो का इमान त्या बाजूले कलंडे. धावपट्टीवर उभं असलं तरी कलंडलेलं. मधात बसावं त दोन शिटायच्या मधातला दांडा बुडाले टोचे. रिकाम्या बाजूले वजन म्हून मी तांदळाचं पोतं ठेवून पाह्यलं. वळन घेतलं का पोतं अंगावर पडे.

शेवटी गुलाबभाऊले म्हनलं, "शर्यत नाई, फक्त वजन म्हून बसा. पडदा बंद ठेवतो."

ते बसले. इमान सरळ झालं. असं सरळ का पान्याचा गिलास ठेवला तरी सांडला नसता.

मंग ते रोज वजन म्हून येत गेले. आदी पडदा बंद. मंग डोये मिटून, पडदा चालू. मंग एक डोया उघडा. जेवन आमचं तिथंच होये, त्या शिटावर, ताट मांडीवर घेऊन. मी उडवत राहो अन् ते शेंगदाने सोलून माह्या हातावर ठेवत राहत.

अन् मी, माह्या सवयीनं, माह्या मांडीखाली एक बटन लपवलं. ते दाबलं का दोनी मोटारी एकदम उलट्या ओढत. असा हिसका बसे का वाटावं, इमानाचा पंख तुटला.

शर्यतीच्या दिवशी अर्धी गल्ली माह्या बैठकीत. नागपूरहून उडाचं, मुंबईले उतराचं. उडलो. गुलाबभाऊचे हात कुशनात रुतले होते, पन डोये उघडे होते. वर ढगात गेल्यावर मी दाबलं बटन.

गुलाबभाऊ वरडून उठले, टीव्हीवर हात आपटला, अन् थेट दाराबाहेर. गल्लीनं टाळ्या पिटल्या. मीबी पोट धरून हासलो. मॅडम मात्र हासली नाई.

"भाऊ, मोटारीचं कार्ड मीच बसवलं हाय," ती म्हनली. "असा हिसका त्यात नाई. ही फेरी मी धरत नाई. पुन्हा घ्या."

दोन दिवस गुलाबभाऊ आले नाईत. मी त्यायच्या दारावर भजे ठेवून आलो, ते सकाळी तसेच होते. तिसऱ्या दिवशी सारिकाचा फोन आला, माह्या मोबाईलवर.

"काका, बाबा म्हनत होते तुमी त्यायच्यासाठी इमान बनवलं म्हून. रोज सराव करून राह्यलो, म्हनले. मले रडू आलं काका. मी पुन्हा तिकीट काढून राह्यली. यावेळी ते इकडंच राहतील, कायमचं. घर भाड्यानं देऊन टाकू. तुमच्यामुळं होऊन राह्यलं हे."

मी "हाव, हाव" म्हनलं. फोन ठेवला. बैठकीत शीट होतं, शेंगदान्याची टरफलं होती. मले आतापर्यंत वाटत होतं का मी शर्यत लावली हाय. हा मानूस त शर्यतीच्या मांगं लपून कॅनडाले जायचं शिकून राह्यला होता, अन् शिकवत मी होतो. मी जिंकलो त गुलाबभाऊ इथंच. हरलो त कुलूप, अन् टीव्ही. समोरचा मोठा टीव्हीबी त्यायचाच.

बटन मी काढलं नाई.

दुसऱ्या फेरीले कोनी नव्हतं, नुसती मॅडम, खुर्ची घेऊन दाराजवळ. भरदुपार. आमी उडलो. गुलाबभाऊचा श्वास आईकू येत होता. बुटीबोरीच्या पुढं कुठंतरी मी डावीकडं वळन घेतलं, अन् लाइट गेली.

पडदा काळा. पंखा बंद. वायपरची मोटार अशी असते का बंद पडली त जिथं हाय तिथंच अडकते. आमी दोघं डावीकडं कलंडलेले, मी गुलाबभाऊच्या अंगावर रेललेला.

"उठा," मी म्हनलं. "लोडशेडिंग हाय. दोन तास येत नाई."

"इमान उतरलं काय?"

"कुठी उतरते? कॉम्प्युटरच बंद पडला."

"मंग मी उठत नाई. शर्यत उतरेपर्यंत हाय. काऊन मॅडम?"

"बरोबर हाय," मॅडम म्हनली. "मी चहा आनते." ती गेली.

आमी तसेच तिरपे बसून राह्यलो. घाम सुटला होता. गुलाबभाऊनं पुढं पाहतच इचारलं, "बटन कुठल्या मांडीखाली हाय तुह्या?"

मी मांडी आकसून घेतली.

"त्या दिवशी तुह्यी मांडी हालली अन् मंग हिसका बसला. येवढं नाई समजत काय मले? पस्तीस वर्सं झाली तुह्या थट्टा खाऊन."

"मंग उठले काऊन?"

"उठलो. बरं वाटलं उठून. सारिकाले सांगता आलं असतं, जमत नाई मले म्हून." त्यायनं गमछानं मान पुसली. "आजबी दाब. तुले वाटलं त दाब. मी उठतो. तूबी खूश, मीबी इथंच."

"अन् नातू?"

"फोनवर दिसते ना नातू." मंग म्हनले, "पडद्याले हात लावते तो. माह्यं नाक धराले पाहते."

मॅडम चहा घेऊन आली. कप कलंडत होते म्हून आमी बश्या हातात धरून, तिरप्यातिरपीच चहा पेलो. मी चाखून पाह्यला, मीठ नव्हतं, गोड होता. मॅडमले असल्या गोष्टी जमत नाईत.

लाइट आली तेव्हा उन्हं दारात आली होती. नागपूरहून पुन्हा सुरुवात. पुन्हा धावपट्टी, पुन्हा शीट मांगं झुकलं. वळन आलं. ढग आले. ढगात मी बटन चाचपलं, कारन बोटायले सवय होती. ते तिथंच होतं, मांडीखाली गरम झालेलं. एक बोट पुरलं असतं. गुलाबभाऊनं माह्याकडं पाह्यलं नाई, नुसते जरा सरकून ताठ बसले, जसं कोनी इंजेक्शन घेताना बसते.

मी दोनी हात इमान वळवाच्या दांड्यावर आनले अन् तिथंच ठेवले.

मुंबईले चाक टेकलं तेव्हा धडधड झाली, ती खेळातलीच होती. गुलाबभाऊचे डोये घट्ट मिटलेले, पन बुड शिटावर. इमान थांबलं. मॅडमनं वही-बिही काई काढली नाई, हात वर केला अन् म्हनली, "गुलाबभाऊ जिंकले."

"मी बसून हाव काय?" गुलाबभाऊनं डोये न उघडता इचारलं.

"हाव, बसूनच हा," मी म्हनलं. "आता उठा, तुमचं वजन जास्त हाय, मोटारी जळतीन."

जायच्या दिवशी खामगाव बसस्टँडवर नागपूरची गाडी लागली. बॅगी वर चढवल्या. गुलाबभाऊ खिडकीजवळ बसले अन् तिथून मले बोलावलं.

"शर्यतीचं देनं राह्यलं बे तुह्यं."

"आता? गाडी सुटून राह्यली."

"आताच. मोबाईलवर पाह्यलं मी, इमानात बाई उभी राह्यते पुढं, पट्टा कसा बांधाचा, दारं कुठी, सगळं सांगते हात करून. तसं सांग. सगळ्या गाडीले. गाडी गेटाबाहेर जाईपर्यंत."

मॅडमनं आपली ओढनी माह्या गळ्याले बांधली. मी ड्रायव्हरच्या मांगं उभा राह्यलो.

"नमस्कार! खामगाव-नागपूर इमानात तुमचं स्वागत हाय! अकोल्याले आपन थोडं खाली उतरनार हाव. पट्टा बांधून घ्या. पट्टा नाई त शेजारच्याले धरून बसा. त्याची परवानगी घेऊन!"

गाडी हासाले लागली. कोनी शिटी मारली.

"आवाज वाढव!" गुलाबभाऊ वरडले.

"संकटात बाहेर पडाची दारं, एक मांगं, एक पुढं! पुढचं दार लागत नाई, त्याले पाय द्या! हवा कमी झाली त वरतून नळी लोंबन. ती नाई आली त खिडकी उघडा. आदी आपली उघडा, मंग शेजारच्याची. अन् ज्याले गाडीत कसंतरी होते, जसं ते खिडकीतले काका, त्यायनं पुढच्याच्या टोपीत—"

"ए!" टोपीवाला उठला.

लोकं लोळत होते. गुलाबभाऊबी हासत होते, तोंडावर गमछा धरून, अन् गमछा लवकर खाली आलाच नाई.

कंडक्टरनं माह्या पाठीवर थाप मारली. "उतरा भाऊ. का तिकीट फाडू?"

तो तिकिटाच्या यंत्रावर बोट ठेवून थांबला, खरंच थांबला. मी खाली उतरलो. त्यानं डबल बेल मारली.

गाडी मांगं सरली, वळली. गेट अजून दूर होतं अन् शर्यत गेटापर्यंत होती. म्हून मी फलाटावरच, गाडीच्या बाजूनं चालत चालत, हात करत राह्यलो. दार इकडं, दार तिकडं, पट्टा असा. फलाटावरची लोकं टाळ्या वाजवत होती, पोट्टे मोबाईल काढून शूटिंग करत होते. खिडकीतून गुलाबभाऊचा हात बाहेर होता, नियमात बसत नाई तसा. गाडी गेटाबाहेर वळली अन् उसाच्या गाडीच्या मांगं गेली.

टाळ्या थांबल्या. मानसं आपापल्या पिशव्या उचलाले लागली. माह्ये हात अजून वरच होते.

एक म्हातारी जवळ आली, अन् माह्या गळ्यातल्या ओढनीकडं पाहून तिनं इचारलं, "बाबू, चिखलीची गाडी कुठी लागते?"

मी दोनी हात त्या बाजूले केले, बोटं जुळवून, इमानातल्या बाया करतात तसे.