साडेअठ्ठ्याण्णव

मित्रांनो, मी एक जुना, पाऱ्याचा थर्मामीटर आहे. बोटांनी घासून माझ्या काचेवरचे आकडे पुसट झाले आहेत. माणसांचा पारा कशानेही चढतो, माझा मात्र फक्त उष्णतेने. आणि एकदा चढला की झटकल्याशिवाय तो उतरत नाही. या स्वभावानेच पुढे घात केला.

कारखान्यात मला तीनदा पाण्यात बुडवून तपासलं, तेव्हा कुठे डबी मिळाली. खरं सांगणं हीच आपली नोकरी, असं मी तेव्हापासून मानत आलो. औषधाच्या दुकानातून एका आईने मला घरी नेलं. तिच्या मुलीला सगळे ठमी म्हणत. बाळपणी गुबगुबीत होती, म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव.

ठमी पाच वर्षांची असताना तिला खराखुरा ताप आला. मी एकशे तीन दाखवला. फिरतीच्या नोकरीवरचे बाबा धावत आले, शेजारणी डबे घेऊन आल्या, आणि जो तो म्हणाला, "आई असावी तर अशी!" आठ दिवसांनी ताप उतरला. शेजारणी यायच्या थांबल्या, बाबा पुन्हा फिरतीवर गेले. आई बराच वेळ मला हातात धरून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने मला गरम पाण्याच्या पेल्यात बुडवलं. पारा एकशे चारवर गेला. ठमी समोरच खेळत होती. तिला पांघरूण घालून निजवलं गेलं. माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं, आणि माझ्यावर तर सगळ्यांचा विश्वास! मला आजही त्याची लाज वाटते.

पुढची दोन वर्षं दवाखान्यांत गेली. सुया टोचून टोचून ठमीच्या हातांवर शीर सापडेनाशी झाली. पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं. शाळा सुटली. औषधांनी भूक मेली आणि ती खरोखरच आजारी दिसू लागली. डॉक्टर मनाने वाईट नव्हते, पण ते माझ्याकडे पाहत, तिच्याकडे नाही.

शेवटी मोठ्या रुग्णालयात खाट मिळाली. वॉर्डात मुलं चाळीस, नर्स दोन. त्यामुळे तिथे एक सोयीची रीत पडली होती. समजूतदार आया आपापल्या मुलांचा ताप स्वतःच मोजून खाटेच्या तक्त्यावर लिहीत. ठमीच्या आईचं अक्षर मोत्यासारखं. "आम्ही आपला घरचाच थर्मामीटर वापरतो हं," असं ती म्हणे, आणि नर्सना तिचं कौतुक वाटे. रोग काही सापडेना. तेव्हा ठरलं, उद्या सकाळी ठमीचं पोट उघडून आत पाहायचं.

त्या दुपारी मोठ्या सिस्टर रजेवरून परतल्या. आधी नाडी, मग थर्मामीटर, ही त्यांची जुनी खोड. तरुण नर्सना तिचं हसू येई.

"बघा ना सिस्टर, पुन्हा एकशे चार!" आईने मला पुढे केलं.

सिस्टरनी ठमीचं मनगट धरून घड्याळाकडे पाहिलं. नाडी नव्वद. एवढ्या तापात ती सव्वाशेच्या पुढे पळायला हवी होती. त्यांनी कपाळाला हात लावला, तर ते गार.

"ताई, ऑपरेशनच्या कागदांवर सही राहिलीय. तेवढी करून या," एवढंच त्या म्हणाल्या.

आई गेल्यावर त्यांनी मला जोरात झटकलं. ठमीच्या जिभेखाली ठेवणार, तोच तिने हळूच विचारलं, "सिस्टर, आज किती यायला हवा?"

सिस्टरचा हात थबकला. "तुला कसं वाटतंय, बाळा?"

"ते आईला विचारा ना. मला नाही कळत."

मी साडेअठ्ठ्याण्णव दाखवले. कितीतरी दिवसांनी खरं बोललो होतो.

सिस्टर तशाच डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर चिडले. "अहो, एवढी जिवापाड जपणारी आई! भलतंच काय बोलताय?"

"मी नाही बोलत, डॉक्टर. नाडी बोलतेय."

ऑपरेशन थांबलं. नर्स स्वतः ताप मोजू लागल्या. दहा दिवसांत ठमीला एकदाही ताप आला नाही. मुलांच्या संरक्षणाचं काम पाहणारी माणसं आली. "माझ्याइतकं कुणी केलंय का तिचं?" म्हणत आई ढसाढसा रडली. ते रडणं खोटं नव्हतं, असं मला वाटतं. पण मित्रांनो, जे झालं त्याला छळच म्हणतात. तो काळजीचे कपडे घालून आला, म्हणून इतकी वर्षं कुणी ओळखला नाही.

ठमी आत्याकडे राहायला गेली. निघताना सिस्टर हसून म्हणाल्या, "झक्कास! ताप अजिबात नाही."

ठमीचा चेहरा पडला. "मग आता आई माझ्याजवळ बसणार नाही?"

सिस्टर खाटेवर तिच्याजवळ बसल्या. मी आता पुरावा म्हणून एका कचेरीच्या कपाटात, बंद पाकिटात पडून आहे. इथे कुणी मला काही विचारत नाही, तरी सांगतो. आपलं दुखणं आपणच सांगायचं. कुणी ते पढवत असेल, तर विश्वासातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाच्या कानावर घाला. आणि मोठ्यांनो, उत्तर देण्याआधी मूल दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत असेल, तर तिथेच थांबा. आधी त्याच्या कपाळावर हात ठेवा. मला नंतर विचारा.