बाईंच्या अकरा चाली आणि मी

मित्रांनो, मी भिंतीला पाठ लावून उभा राहणारा एक जुना पियानो आहे. माझ्या अंगावर पाण्याच्या ग्लासांचे गोल डाग आहेत. माझी सर्वांत खालची पट्टी दाबली, तर ती सूर देण्याआधी खोकते. तरीही माझी गोष्ट ऐकाल, तर मला बरे वाटेल.

एका कारखान्यात सुतारांनी माझा सांगाडा घडवला. दोनशेहून अधिक तारा माझ्या पोटात ताणल्या आणि लाकडी हातोड्यांना लोकरीचा मऊ नमदा चिकटवला. तेथून मी थेट एका शाळेच्या सभागृहात गेलो. तेथे संगीताच्या बाई मला वाजवत. मुलांसाठी त्या स्वतःच चाली बांधत. रांगेत येण्याची एक, हात धुण्याची एक, निरोपाची एक. अशा अकरा चाली झाल्या. कोणी म्हणाले, "बाई, लिहून ठेवा ना," तर त्या हसून म्हणत, "डोक्यात आहेत की!"

पुढे शाळेत विजेवर चालणारा नवा कीबोर्ड आला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्या डोक्यावर रंगाचे डबे आले. कित्येक वर्षे मला कोणी हात लावला नाही. बाई निवृत्त झाल्या, तेव्हा शाळेने विचारले, "भेट काय देऊ?" बाई म्हणाल्या, "जिन्याखालचा तो पियानो द्या."

असा मी बाईंच्या घरी आलो. त्यांची सून शहर बस चालवते. कामावरून आली की ती बूट काढून माझ्या कुशीला टेकून जमिनीवर बसे. "दिवसभर हॉर्न ऐकून कान किटलेत, आई. जरा वाजवा ना." बाई वाजवत आणि सून डोळे मिटून घेई. ते माझे सर्वांत सुखाचे दिवस होते.

मग बाईंच्या बोटांचे सांधे सुजू लागले. दुखणे कमी करता येईल, पण बोटे पूर्वीसारखी उघडणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या दिवशी सून म्हणाली, "आई, अकराही चाली रेकॉर्ड करून ठेवू या."

"अगं, कोण ऐकणार ते?"

"मी ऐकणार."

तिने फोन माझ्या डोक्यावर ठेवला. बाईंनी वाजवले. दोघींनी ऐकले, तर सुरांपेक्षा हातोड्यांची धडधड जास्त आणि मागे फ्रिजची गुणगुण! "हा पियानो आहे की पत्र्याचा डबा?" बाई म्हणाल्या. मित्रांनो, मी शरमेने अर्धा झालो.

सून वाद्यांच्या दुकानात गेली आणि तिथली यादी ऐकून तिचा चेहराच पडला. दोन माइक, दोन स्टँड, माइक कॉम्प्युटरला जोडायची पेटी, वर कॉम्प्युटर! एवढे कुठून आणायचे? पण दुकानाच्या मागच्या टेबलावर दुरुस्ती करणारा माणूस तिला हळूच म्हणाला, "ताई, हा हातात मावणारा रेकॉर्डर घ्या. दोन्ही माइक याच्या अंगातच आहेत. वापरलेला आहे, पण ठणठणीत. आणि उरलेले पैसे पियानोचे सूर लावण्यावर घाला. बेसूर पियानोला महागडा माइक लावला, तर बेसूरपणाच स्वच्छ ऐकू येतो."

तिने त्याचे ऐकले. सूर लावणारे काका दोन दिवस माझ्यापाशी बसले. एकेक तार त्यांनी कान लावून ताणली, पायाने दाबायच्या करकरणाऱ्या पट्टीला तेल दिले. खालची खोकणारी पट्टी मात्र त्यांनाही दाद देईना. "राहू द्या," बाई म्हणाल्या, "माझ्याही गुडघ्याचं असंच आहे."

रविवारी दुपारी रस्ता शांत झाला, तेव्हा सुनेने फ्रिज बंद केला आणि खिडकीवर गोधडी टांगली. रेकॉर्डर माझ्या डोक्यावर ठेवला, तर पुन्हा धडधड. माझ्या पाठीमागे ठेवला, तर आवाज उशीखालून आल्यासारखा. शेवटी तिने माझे झाकण उघडले, पुढची फळी काढली आणि इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकांची चळत रचून बाईंच्या पाठीमागे, डोक्याच्या उंचीवर रेकॉर्डर ठेवला. कानांना हेडफोन लावून तिने बाईंना वाजवायला सांगितले आणि ऐकले. मग म्हणाली, "आई, हे तुम्ही आहात!"

दहा चाली झाल्या. अकरावी निरोपाची. तिच्यात बोटे खूप ताणावी लागत. बाई तीनदा अडखळल्या. चौथ्यांदा त्यांनी हात मांडीवर ठेवले. "नाही जमत गं आता. दहाच राहू देत."

सून त्यांच्याजवळ बाकावर टेकली. "वेगात नको. जमेल तशी वाजवा. मला अचूक नकोय, तुमची हवीय."

बाईंनी पुन्हा हात उचलले. निम्म्या वेगाने, एकेक सूर सुटा करत त्यांनी ती चाल वाजवली. इतकी वर्षे मुलांच्या गलक्यात ती मी कितीदा वाजवली असेल. पण ती एवढी सुंदर आहे, हे मला त्या दुपारी कळले. सूर विरल्यावर सुनेने रेकॉर्डर बंद केला.

या गोष्टीला आता दीड वर्ष झाले. बाई आता वाजवत नाहीत, शेजारी खुर्चीत बसतात. माझ्यासमोर सून बसते. पट्टीला पूर्वी कधी बोटही न लावलेली ती आधी रेकॉर्डिंग ऐकते, मग एकेक ओळ शोधत वाजवते. काल तिने हात धुण्याची चाल पहिल्यांदा न थांबता पुरी केली.

"डावा हात जड पडतोय," बाई म्हणाल्या. "स्टिअरिंग नाहीये ते."

"मग पुन्हा वाजवते," सून म्हणाली आणि वाजवू लागली.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे वाद्य असेल, तर त्याच्यावर कुंड्या ठेवू नका. वर्षातून एकदा त्याचे सूर लावून घ्या. आणि घरात कोणाच्या हातात गोड सूर असतील, तर भारी यंत्राची वाट पाहू नका. परवडेल ते आणा, नीट जागी ठेवा आणि त्यांना म्हणा, "बसा, जमेल तसं वाजवा."